शाळेमागची गंगा

तिसरीत जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती, की राष्ट्रगीतातली गंगा म्हणजे आमच्या शाळेमागून वाहते ती. चूक माझी नव्हती. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगेला पाणी आलं, बायका गंगेवर धुणं घेऊन गेल्या, गंगाथडीची काळी जमीन. तालुक्याच्या गावाचं नावही गंगाखेड. मग रोज सकाळी ओट्यासमोर हात ताठ ठेवून ‘यमुना गंगा’ म्हणताना डोळ्यांपुढं दुसरं काय येणार? वाळूचे ढीग, उन्हाळ्यात नदीच्या पात्रात लावलेले टरबुजांचे वेल, पलीकडच्या काठावरचं महादेवाचं देऊळ. विंध्य आणि हिमाचल लांब कुठंतरी असतील, पण गंगा आपली होती. साऱ्या देशातली लेकरं रोज आपल्या नदीचं नाव घेतात याचा मला कोण अभिमान!

तिसरीत गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगला आणि छडीचं टोक पार वर नेऊन टेकवलं. “ही गंगा.” घरी येऊन मी आजीला सांगितलं, आपली गंगा खोटी हाये. आजी ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आपली थोरली, ती धाकटी. पोथीत हाये.” गोदावरीला वृद्धगंगा म्हणतात हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की गाण्यात आपल्याला जागा आहे. नकाशा काही का म्हणेना.

आता मी स्वतः गुरुजी आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, आणि परिपाठ माझ्याकडं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. २०२३ पासून त्यात राज्यगीत आलं, एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचं. त्यातल्या नद्यांच्या यादीत गोदावरी सरळ गोदावरी म्हणूनच आहे, आणि पोरांना ती वेगळी नदी वाटते. “सर, ही गोदावरी कुठं आली?” खिडकीतून दाखवली तर हसतात. “ती तर गंगा हाये.”

बावन्न सेकंदांच्या राष्ट्रगीतात लेकरं काय काय घुसवतात, याचा हिशोब ठेवायला हवा होता. ‘उच्छल जलधि’चं ‘उच्चल जल्दी’ तर दरवर्षी होतं. मध्यंतरी सहावीत एक आशिष होता, वर्गात सर्वांत उंच, त्यामुळं रांगेत कायम शेवटी. ‘तव शुभ आशिष मागे’ आलं, की पुढच्या चार-दोन माना हळूच मागं वळायच्या आणि तोही छाती फुगवून उभा राहायचा. मी रागावलो नाही. ज्यानं शाळेमागच्या पाण्याला राष्ट्रगीतात बसवलं होतं, त्यानं कोणत्या तोंडानं रागवायचं?

दोन वर्षांमागं सतरा सप्टेंबरला फजिती झाली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सरपंच, पालक, गावातली म्हातारी माणसं, सगळे पटांगणात. झेंडा वर गेला, मी मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर राष्ट्रगीत लावलं आणि ‘उत्कल बंग’ला स्पीकर मेला. चार्जिंग करायला मीच विसरलो होतो. शे-सव्वाशे माणसं सावधान आणि आवाज कुणाचाच नाही. रेकॉर्डच्या मागं ओठ हलवायची सवय लागली, की असं होतं. तेवढ्यात शाळेतल्या खिचडीच्या मावशींनी कढईजवळूनच सूर उचलला, विंध्यापासून, आणि मग सगळे त्यांच्या मागं. पट्टी भलतीच वर गेली होती, शेवटच्या ‘जय हे’ला पोरांचे आवाज फाटले. पण इतकं मोठ्यानं म्हटलेलं राष्ट्रगीत मी त्या पटांगणात आधी ऐकलं नव्हतं.

कुवेतमध्ये २०१२ साली याहून वाईट झालं होतं. नेमबाजीत कझाकस्तानच्या मुलीला सुवर्णपदक मिळालं आणि आयोजकांनी इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं, एका विनोदी सिनेमातलं त्या देशाची टर उडवणारं नकली राष्ट्रगीत लावलं. पोरगी छातीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. माझा स्पीकर निदान गप्प तरी बसला.

त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर चुलत आजोबांना घरी सोडायला गेलो. आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय पंच्याऐंशीच्या घरात. चहा येईपर्यंत बाजेवर बसून त्यांनी अचानक एक चाल धरली. शब्द उर्दू होते, उच्चार खणखणीत. ‘ता अबद ख़ालिक़-ए-आलम ये रियासत रक्खे…’ निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं गीत. जगाच्या निर्मात्यानं हे राज्य अनंतकाळ राखावं, असा त्याचा अर्थ. पुढच्या ओळीत उस्मान हे निजामाचं नावच आहे, त्यालाही आयुष्य मागितलंय.

आबा पहिलीला बसले ते निजामाच्या राजवटीत. आमचा परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. शाळेत उर्दूचा जोर, आणि भरताना हे गाणं. आबांचा गळा चांगला, म्हणून सांगायला त्यांनाच उभं करायचे, मागून बाकीच्यांनी म्हणायचं. त्याच सुमाराला आबांचे थोरले भाऊ घर सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते, निजामाविरुद्ध लढायला. एका घरातला एक पोरगा बंदूक शिकतोय आणि दुसरा रोज सकाळी निजामाला दीर्घायुष्य मागतोय.

मी विचारलं, “आबा, तुम्हाला काही वाटत नव्हतं?”

“काय वाटायचं? चाल लई झ्याक व्हती.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील नाइलाज होता, मास्तर छडी मारायचे, आम्ही नुसते ओठ हलवायचो. तसलं काही नाही. त्यांना गाणं आवडायचं. भाऊ परत आला तेव्हा आबांनी ते त्यालाही म्हणून दाखवलं म्हणे, आणि भावानं मुस्काटात ठेवून दिली. हे सांगताना आबा गालावर हात ठेवून हसत होते.

‘ता अबद’, म्हणजे अनंतकाळपर्यंत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. अनंतकाळ पाच दिवसांत आटोपला. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा तेरा महिने होऊन गेले होते, आणि तरी आपलं राष्ट्रगीत कोणतं हे पक्कं ठरायचंच होतं. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारताच्या मंडळींकडं राष्ट्रगीत मागितलं गेलं, तेव्हा त्यांनी हाताशी असलेली ‘जन गण मन’ची रेकॉर्ड दिली. वाद्यवृंदानं ती वाजवली, लोकांना आवडली. नेहरूंनी हे संविधान सभेत सांगितलं ते २५ ऑगस्ट १९४८ ला, म्हणजे आमच्या मुक्तीच्या तीन आठवडे आधी. शिक्कामोर्तब झालं २४ जानेवारी १९५० ला. जुनं गाणं गेलं आणि नवं अजून ठरायचंय, अशा मधल्या दिवसांत शाळेत काय म्हणायचा, असं मी आबांना विचारलं. “पाढे,” आबा म्हणाले.

याच संस्थानात दहा वर्षं आधी, १९३८ साली, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या कॉलेजात मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. बंदी आली, मुलांनी ऐकलं नाही, नावं कमी झाली. कितीतरी जणांनी पुढचं शिक्षण नागपूर विद्यापीठात जाऊन पुरं केलं. पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. एका राज्यात एक गाणं म्हटलं नाही तर छडी आणि दुसरं म्हटलं तर शाळेबाहेर. पण गोष्ट इतकी सरळ नाही, कारण त्याच्या एकच वर्ष आधी, १९३७ ला, काँग्रेसनं ठरवलं होतं, की सभांतून ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी म्हणायची. पुढच्या कडव्यांत मातृभूमी दुर्गा होते, आणि मुसलमानांना ते म्हणता येत नव्हतं. इकडं पोरं ज्या गाण्यासाठी शिक्षणावर पाणी सोडत होती, त्याच गाण्यात तिकडं कुणालातरी उभं राहायला जागा सापडत नव्हती. दोघांचंही खरं होतं. १९५० ला राजेंद्रप्रसादांनी ‘वंदे मातरम्’ला ‘जन गण मन’च्या बरोबरीचा मान जाहीर केला, आणि वाद मिटला असं कागदावर म्हणता येतं.

आबांची गोष्ट डोक्यात घेऊन मी देशोदेशींची गाणी बघायला लागलो, आणि आबांचे भाईबंद सगळीकडं निघाले. नेदरलँड्सचं राष्ट्रगीत सोळाव्या शतकातलं, जगातल्या जुन्यांत जुनं. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पुकारणाऱ्या विल्यमच्या तोंडी ते आहे. आणि पहिल्याच कडव्याच्या शेवटी हा बंडखोर म्हणतो, की स्पेनच्या राजाचा मी नेहमीच मान राखला. स्पेनशी त्यांची ऐंशी वर्षं लढाई चालली. आजही फुटबॉलच्या मैदानावर डच लोक नारिंगी सदरे घालून ती ओळ बेंबीच्या देठापासून म्हणतात. आबांच्या भावानं तिथं किती जणांच्या मुस्काटात दिली असती!

रशियाचं तर विचारू नका. सर्गेई मिखालकोव्ह नावाचे लहान मुलांसाठी लिहिणारे कवी. त्यांनी एका जोडीदाराबरोबर सोव्हिएत राष्ट्रगीत लिहिलं, ते १९४४ पासून वाजू लागलं. त्यात स्टालिनचं नाव होतं. स्टालिन गेला, १९५६ साली ख्रुश्चेव्हनं त्याचे वाभाडे काढले, आणि नावाची पंचाईत झाली. मग काय करावं? वीसेक वर्षं त्यांनी नुसती चाल वाजवली. एवढा मोठा देश, हातात अणुबाँब, आणि राष्ट्रगीताला तोंडातून शब्द नाही! १९७७ ला मिखालकोव्ह यांनीच स्टालिनला वगळून शब्द दुरुस्त करून दिले. पुढं देशच मोडला. येल्त्सिननं ग्लिंका या जुन्या संगीतकाराची बिनशब्दांची धून घेतली, आणि खेळाडू कुरकुरू लागले, की आम्ही नुसतं उभं तरी किती राहायचं. २००० साली पुतिननं जुनी सोव्हिएत चाल परत आणली. शब्द कुणी लिहिले? मिखालकोव्ह यांनीच, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी. या वेळी लेनिनही गेला आणि देव आला. माणूस तोच, चाल तीच. शाळेच्या भिंतीवरचं घोषवाक्य दर योजनेला बदलतं आणि रंगारी तोच असतो, तसं.

पूर्व जर्मनीची गंमत वेगळी. त्यांच्या गाण्यात ‘जर्मनी, एकसंध पितृभूमी’ अशी ओळ होती. सत्तरच्या दशकात सरकारला दोन जर्मनी हेच कायमचं वाटू लागलं, आणि स्वतःच्याच राष्ट्रगीतातली ओळ अडचणीची झाली. मग त्यांनीही नुसती चाल वाजवली. शब्द अडला की चाल वाजवायची, ही युक्ती सगळ्या सरकारांना आपसूक सुचते. स्पेननं तर शब्दच ठेवलेले नाहीत. २००८ ला कुणी लिहून आणले, तेही चार-पाच दिवसांत मागं घ्यावे लागले, कारण तिथं एका ओळीवर कॅटलान माणसाचं आणि माद्रिदच्या माणसाचं जमायचं कसं?

मला सगळ्यांत जास्त घर करून राहिली ती श्रीलंकेची गोष्ट. आनंद समरकून हा तरुण टागोरांच्या शांतिनिकेतनात शिकून गेला. परत गेल्यावर त्यानं ‘नमो नमो माता’ लिहिलं, चालही लावली. पुढं तेच राष्ट्रगीत झालं. मग एक पंतप्रधान घोड्यावरून पडून वारले, दुसऱ्यांना गोळी घातली, आणि लोक म्हणू लागले की गाण्याचा पहिला गणच अशुभ आहे. आम्ही सातवीला वृत्त शिकवतो, म्हणून मी फळ्यावर मांडून बघितलं. न-मो-न. लघु, गुरु, लघु. ज-गण. तीन अक्षरांवर दोन पंतप्रधानांचं मरण घातलं. १९६१ साली सरकारनं सुरुवात बदलून ‘श्रीलंका माता’ केली, कवीला न जुमानता. आपल्या गाण्याचं डोकं उडवलं, ही त्याची व्यथा होती. १९६२ च्या एप्रिलमध्ये त्यानं स्वतःला संपवलं. वृत्ताच्या तासाला हे मी पोरांना अजून सांगितलेलं नाही.

त्याच गाण्याचं तमिळ रूपही आहे. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनाला सरकारी समारंभात ते म्हटलं, तेव्हा तमिळ म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, मला कल्पना करता येते. २०२० ला ते पुन्हा गाळलं. दक्षिण आफ्रिकेनं मात्र १९९७ ला धाडस केलं. लढ्यातलं गाणं आणि गोऱ्या राजवटीचं गाणं एकमेकांना जोडून एक केलं, पाच भाषांत. संगीत जाणणारे नाकं मुरडतात, मध्येच पट्टी बदलते म्हणून. बदलू दे की.

जपानची गोष्ट वाचली ती शाळेतच, मधल्या सुट्टीत, आणि डबा तसाच राहिला. त्यांचं गीत सम्राटाला चिरायु होवो म्हणणारं, शब्द हजार वर्षांहून जुने. महायुद्धानंतर अनेक शिक्षकांना ते तोंडी घेणं नको झालं, त्याला रक्ताचा वास येतो म्हणून. १ मार्च १९९९ ला हिरोशिमा प्रांतातल्या एका शाळेत पदवीदान होतं. शिक्षणखातं म्हणे गीत झालंच पाहिजे, शिक्षक म्हणत होणार नाही. मधल्या मध्ये मुख्याध्यापक. समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी जीव दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा करून ते अधिकृत राष्ट्रगीत झालं, आणि पुढं टोकियोत उभं न राहणाऱ्या शेकडो शिक्षकांवर कारवाया झाल्या. वरून आलेलं पत्रक आणि खाली स्टाफरूममधली माणसं यांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे काय, ते मला कळतं. माझ्यावर फक्त शाळेत कुंपणाला झाडं लावल्याचे फोटो पाठवायची वेळ आली होती, तेवढ्यानंही झोप गेली होती.

आपल्याकडं हे प्रकरण कोर्टात बरंच सभ्यपणे सुटलं. केरळात तीन भावंडं यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला उभी राहायची, म्हणायची मात्र नाहीत. १९८५ ला शाळेनं काढून टाकलं. १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आदरानं उभं राहणं पुरे, तोंड उघडायची सक्ती नाही. लेकरांना परत घ्या. मी हा निकाल उशिरा वाचला. त्याच्या आधी एका पोराचा कान पिळून झाला होता. ओठच हलवत होता. नंतर कळलं, त्याचा आवाज फुटत होता आणि पोरी हसतात म्हणून तो गप्प राहायचा.

सिनेमागृहातलं उभं राहणं हा आणखी एक अध्याय. २०१६ ला न्यायालयानं सक्ती केली, २०१८ ला काढली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पॉपकॉर्न हातात घेऊन सावधान कसं राहायचं हा प्रश्न तेवढा कुणी सोडवला नाही.

आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टात दोन मेसेज फिरतात. एकात लिहिलेलं असतं, की युनेस्कोनं ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं. दुसऱ्यात, की ते इंग्रज बादशहाच्या स्तुतीसाठी लिहिलं. एकाच माणसानं एकाच सकाळी दोन्ही पाठवल्याचं मी पाहिलंय. दोन्ही खोटं. गाणं पहिल्यांदा म्हटलं २७ डिसेंबर १९११ ला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. त्याच अधिवेशनात बादशहाच्या गौरवाचं एक हिंदी गाणंही झालं होतं, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी केली. टागोरांनी १९३७ च्या एका पत्रात कंटाळून खुलासा केला, की युगायुगांच्या रथाचा सारथी कुणी जॉर्ज असू शकत नाही. त्या खुलाशाला कुणी पुढं पाठवत नाही.

आणि सिंध. फाळणीत सिंध गेला, गाण्यात राहिला. तो शब्द काढा म्हणून खटला झाला, २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. बरं झालं. परभणीत आमच्या कापडाच्या दुकानाचे मालक सिंधी आहेत. झेंड्याला दुकान बंद ठेवून येतात आणि ‘सिंध’ला त्यांचा आवाज थोडा वर जातो. मी मुद्दाम कान देऊन ऐकलंय. आमच्या पोरांचाही जातो, ‘मराठा’ला. एकानं विचारलं होतं, “सर, मराठवाडा कामून नाही?” मी म्हटलं, मराठामध्ये आला. त्याला पटलं नाही. “मग वाडा कुठंय?”

दिवाळीनंतर आमच्या राष्ट्रगीताचा आवाज निम्म्यावर येतो. टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आईबापांमागं लेकरंही जातात. कुणी सांगलीकडं, कुणी खाली कर्नाटकात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे तेवढी राहतात. रांगा आखूड होतात, नोव्हेंबर ते मार्च मी ओट्यावरून खाली उतरून पोरांतच उभा राहतो, म्हणजे आवाज जरा भरल्यासारखा वाटतो.

गेल्या एप्रिलात पाचवीतली एक पोरगी परत आली. केस उन्हानं तांबूस, पायाला उसाच्या पाचटाचे ओरखडे. पाच महिने बेळगावच्या बाजूला होती. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं काम. गणिताच्या तासाला पोरं उदाहरण सोडवत होती, आणि ही खाली मान घालून काहीतरी गुणगुणत होती. सिनेमातलं वाटलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं म्हण.

ती उभी राहिली आणि म्हणू लागली. शब्द कानडी, बरेचसे मोडलेले, पण ‘भारत जननी’ आणि ‘कर्नाटक माते’ नीट कळत होतं. कर्नाटकाचं राज्यगीत. कवी कुवेंपूंचं. भारतमातेच्या लेकी, कर्नाटकमाते, तुझा जयजयकार असो, असं त्यात आहे. ते कोणत्या चालीत आणि किती मिनिटांत म्हणायचं यावर तिकडं वर्षानुवर्षं भांडण चाललं, २०२२ ला सरकारनं अडीच मिनिटं ठरवून दिली. हिला त्याचं काय? कोपीच्या मागं शाळेची भिंत होती. रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. शाळेत गेली नाही एक दिवस, गाणं मात्र सगळं आलं.

“कशाचं हाये गं हे?” कुणीतरी विचारलं.

“तिकडल्या पोरींचं,” ती म्हणाली, आणि पुढचं कडवं धरलं. चाल खरंच झ्याक होती.

पहिल्या बाकावरचा एक पोरगा अर्धवट उठला, बसला, परत उठला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “सर, ह्याला हुभं राहायचं असतंय का?”

मी आधीपासून उभाच होतो. हातात खडू होता.